कंपोझिटचे कारखाने आले. कारागीर कोठून येणार?

मा. संपादक महोदय,

स.न.वि.वि.

बोइंग ७८७ ड्रीमलायनर या विमानात प्रवाशांच्या पायाखालचा तळ ज्या आडव्या तुळयांवर टेकलेला असतो, त्या कार्बन फायबरच्या तुळया दशकाहून अधिक काळ नागपूर विमानतळालगतच्या मिहान या औद्योगिक क्षेत्रातील टाटा समूहाच्या कारखान्यात तयार होत आहेत. ही गोष्ट विदर्भाबाहेर फारशी कोणाला ठाऊक नाही, आणि विदर्भातही ती गुंतवणुकीच्या बातमीतील एक ओळ म्हणूनच वाचली जाते. विमान आणि संरक्षण उद्योगासंबंधी वृत्तपत्रांत जे छापून येते त्यात किती एकर जमीन, किती कोटींचा करार आणि किती रोजगार एवढाच तपशील असतो. हे भाग प्रत्यक्षात बनतात कसे, त्यांना कोणते कसब लागते आणि ते कसब असलेली माणसे महाराष्ट्रात कोठे घडत आहेत, याची चौकशी सहसा कोणी करत नाही. नोकरीची बहुतेक वर्षे कंपोझिटच्या, म्हणजे राळेत बळकट तंतू बसवून केलेल्या पदार्थाच्या, विभागात काढलेला एक निवृत्त तंत्रज्ञ या नात्याने मला वाटते की या उद्योगाची आपल्याकडील खरी अडचण तेथेच आहे, आणि तिच्याकडे राज्याच्या कौशल्य विकास विभागाचे लक्ष वेधण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

‘पोलादाच्या पाचपट मजबूत आणि वजनाला नगण्य’ हे कार्बन फायबरचे वर्णन आपण सर्वांनीच कोठे ना कोठे वाचले असेल. ते खोटे नाही, पण अपुरे आहे आणि त्यातूनच पुढचे गैरसमज निर्माण होतात. पाच ते सात मायक्रॉन जाडीचा हा तंतू बहुतांशी पॉलिअॅक्रिलोनायट्राइल या कृत्रिम धाग्यापासून बनवला जातो. हा धागा आधी हवेत दोनशे ते तीनशे अंश सेल्सिअसला ताणून तापवतात आणि मग नायट्रोजनच्या वातावरणात हजार अंशांच्या वर नेतात, तेव्हा त्याचे जवळपास निम्मे वजन वायुरूपाने निघून जाऊन उरतो तो कार्बन. जपानमधील ओसाकाच्या सरकारी प्रयोगशाळेत अकिओ शिंदो यांनी साठच्या दशकाच्या प्रारंभी या मार्गाचा पाया घातला आणि १९७१ मध्ये तोरे कंपनीने टी-३०० हा धागा बाजारात आणला. त्याची ताणशक्ती सुमारे ३,५०० मेगापास्कल आहे आणि आजचे धागे तिच्याही बरेच पुढे गेले आहेत. मात्र हा आकडा सुट्या धाग्याचा, आणि तोही धाग्याच्या दिशेने ओढले असतानाचा. हाच धागा इपॉक्सी राळेत बसवून सर्व तंतू एकाच दिशेने असलेली पट्टी बनवली, तर ती लांबीच्या दिशेने सुमारे १,८०० मेगापास्कल ताण सोसते आणि आडवी ओढली तर शंभरही सोसत नाही. लाकूड रेषेच्या बाजूने जसे सहज फाटते तसेच हे, फक्त येथे रेषा कोठे आणि कशी जायची हे माणूस ठरवतो. म्हणून शून्य, पंचेचाळीस, उणे पंचेचाळीस आणि नव्वद अंशांचे थर एकावर एक रचावे लागतात, आणि कोणत्या जागी कोणत्या दिशेचे किती थर हाच त्या भागाचा आराखडा असतो. तो रचनाकाराने कितीही काटेकोरपणे काढला, तरी साच्यावर थर अंथरणाऱ्याचा हात दोन-तीन अंशांनी चुकला की दाबाखाली टिकण्याची शक्ती लक्षणीय घटते, आणि वरून पाहणाऱ्याला त्याची गंधवार्ताही नसते.

धातूच्या कामाशी तुलना केल्यावर या धंद्याचे वेगळेपण लक्षात येते. अॅल्युमिनियमचा भाग बनवताना पत्रा किंवा ठोकळा गिरणीतूनच तपासून, प्रमाणपत्रासह येतो आणि कारखान्याचे काम तो कापणे, वाकवणे व जोडणे एवढ्यापुरते असते. पदार्थाचे गुण आधीच ठरलेले असतात. कंपोझिटमध्ये पदार्थ आणि भाग एकाच वेळी, एकाच भट्टीत जन्माला येतात. कारखान्यात येतो तो अर्धवट शिजलेली राळ भरलेला कापडाचा किंवा पट्टीचा गुंडाळा, ज्याला आम्ही प्रीप्रेग म्हणतो. हा माल उणे अठरा अंशांच्या शीतपेटीत ठेवावा लागतो, कारण साध्या तापमानाला राळ हळूहळू पिकू लागते. शीतपेटीबाहेर तो किती तास राहिला याची प्रत्येक गुंडाळ्यामागे नोंदवही असते आणि ठरलेली मुदत संपली की कितीही महाग असला तरी तो विमानासाठी बाद होतो. शीतपेटीतून काढलेली पिशवी मालाला खोलीचे तापमान येईपर्यंत उघडायची नाही, हा पहिल्या दिवशी शिकवला जाणारा नियम. घाईने उघडली तर हवेतील दमट वाफ थंड मालावर दंव होऊन बसते आणि पुढे भट्टीत तीच वाफ थरांमध्ये पोकळ्या करते. पोकळ्यांचे प्रमाण एक टक्क्याने वाढले तर थरांमधील पकड सुमारे सात टक्क्यांनी घटते, असा सर्वसाधारण अनुभव आहे, आणि विमानाच्या मुख्य भागांत एक-दोन टक्क्यांपलीकडे पोकळ्या खपवून घेतल्या जात नाहीत.

थर अंथरण्याची खोली धूळविरहित आणि तापमान व आर्द्रता बांधून ठेवलेली असते. तेथे शिरणाऱ्याने हाताला मलम लावायचे नाही, केसांच्या तेलाने माखलेला हात मालाला लागू द्यायचा नाही, आणि सिलिकॉन असलेली कोणतीही वस्तू आत आणायची नाही, कारण या गोष्टींचा अदृश्य डागही दोन थरांना एकमेकांशी जुळू देत नाही. प्रत्येक थराच्या पाठीला संरक्षक कागद किंवा फिल्म असते. ती सोलून काढायची, बाजूला ठेवायची आणि काम संपल्यावर मोजायची. जितके थर तितक्या फिल्म भरल्या पाहिजेत. एखादा तुकडा आत राहिला तर भाग बाहेरून निर्दोष दिसतो आणि आतून कायमचा दुभंगलेला असतो. कोपऱ्यात कापड ताणले गेले तर तेथे राळ साचते, सैल राहिले तर सुरकुती पडते; काही थरांनंतर पिशवी लावून हवा ओढून घेतली नाही तर खालच्या थरांत हवा अडकते. यांतले काहीही पुस्तक वाचून येत नाही. माझ्या अनुभवात, हुशार मुलालाही विश्वासाने एकट्याने भाग सोपवण्याइतका तयार होण्यास वर्ष लागते, आणि शिकवणारा चांगला नसेल तर तो कधीच तयार होत नाही.

त्यानंतर साच्यावर सच्छिद्र फिल्म, हवा खेळवणारे जाड कापड आणि वरून नायलॉनची पिशवी चढवून कडा चिकट पट्टीने बंद करतात व पिशवीतली हवा पंपाने ओढतात. मग ही सगळी रचना ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाब आणि उष्णता एकाच वेळी देणाऱ्या लोखंडी पात्रात जाते. तेथे सुमारे १८० अंश तापमान आणि सहा-सात वातावरणांचा दाब यांखाली काही तास राळ वितळते, पसरते आणि कायमची घट्ट होते. मधेच पिशवी फुटली, पंप कमी पडला किंवा तापमान ठरल्या गतीपेक्षा भरभर चढले, तर तो जॉब गेला. इपॉक्सी एकदा पिकली की पुन्हा वितळत नाही, त्यामुळे धातूचे भंगार जसे गाळून पुन्हा वापरता येते तशी येथे सोय नाही. साच्याचेही शास्त्र निराळे आहे. तापल्यावर फार प्रसरण पावणारा साचा चालत नाही, म्हणून मोठ्या आणि नाजूक भागांसाठी सुमारे छत्तीस टक्के निकेल असलेल्या इनव्हार या मिश्रधातूचे, अतिशय जड आणि तितकेच महाग साचे करतात. शिवाय काटकोनी कोपरा थंड झाल्यावर एखाद-दोन अंश आत मिटतो, तेवढी सूट साच्यातच आधी धरून ठेवावी लागते. शेवटी हिऱ्याच्या धारेच्या अवजारांनी कडा छाटायच्या आणि ध्वनिलहरींनी संपूर्ण भागाची आतून तपासणी करायची. छाटताना उडणारी काळी धूळ कातडीला खाजवते, छातीत जाऊ द्यायची नसते आणि वीज वाहून नेणारी असल्याने जवळच्या विद्युत पॅनेलमध्ये शिरली तर शॉर्ट सर्किट करते. आपल्याकडील लहान कारखान्यांत धूळ ओढणाऱ्या यंत्रणेकडे होणारे दुर्लक्ष हा स्वतंत्र पत्राचा विषय आहे.

यावर कोणी म्हणेल की आता यंत्रमानव थर अंथरतात. खरे आहे. ड्रीमलायनरच्या धडाचे आख्खे नळकांडे फिरत्या साच्यावर यंत्राने पट्ट्या गुंडाळून बनते, आणि वजनाने निम्मे विमान कंपोझिटचे असल्यामुळेच त्याच्या खिडक्या मोठ्या ठेवता आल्या व आतील हवेचा दाब नेहमीच्या आठ हजार फुटांऐवजी सहा हजार फुटांवरच्या हवेइतका राखता आला. परंतु याच विमानाच्या धडाचे भाग जोडताना कागदाच्या जाडीएवढ्या फटी ठरलेल्या मर्यादेपेक्षा मोठ्या राहिल्याचे आढळले, आणि त्याच्या तपासण्यांपायी २०२१ व २०२२ या काळात कित्येक महिने बोइंगला नव्या विमानांची सुपूर्दगी थांबवावी लागली. ती ऑगस्ट २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाली. जगातील सर्वांत अनुभवी कंपनीच्या सर्वोत्तम यंत्रांनाही जो प्रश्न भेडसावतो, तो यंत्र विकत घेतल्याने आपल्यापुरता सुटेल असे मानणे भाबडेपणाचे आहे. शिवाय यंत्र परवडते ते मोठ्या, सपाट किंवा गोल पृष्ठभागांसाठी. वेड्यावाकड्या कोपऱ्यांचे, लहान संख्येत लागणारे भाग अजूनही हातानेच होतात, आणि भारतात येणाऱ्या कामांत अशा भागांचा वाटा मोठा असतो.

मोटारींचे गणित वेगळे आहे आणि पुण्या-चाकणच्या वाचकांना त्यात अधिक रस असेल. १९८१ मध्ये मॅक्लारेनने पूर्ण कार्बन फायबरच्या सांगाड्याची पहिली फॉर्म्युला वन मोटार शर्यतीत उतरवली आणि त्याच वर्षी मोंझा येथील भीषण अपघातातून जॉन वॉटसन सहीसलामत बाहेर चालत आले, तेव्हा या पदार्थावर शंका घेणारे गप्प झाले. तरीही शर्यतीची मोटार आणि रस्त्यावरची मोटार यांत तासाला किती नग निघतात याचे अंतर आहे. प्रेसखाली पोलादी पत्र्याचा दरवाजा काही सेकंदांत आकार घेतो. ऑटोक्लेव्ह तास खातो. हे अंतर मिटवण्याचा सर्वांत धाडसी प्रयत्न बीएमडब्ल्यूने आय-३ या विद्युत मोटारीत केला. तिचा मूळ धागा जपानमधील ओताके येथे, त्याचे कार्बनीकरण अमेरिकेत मोझेस लेक येथे स्वस्त जलविद्युतीवर, कापड जर्मनीत वाकर्सडॉर्फ येथे आणि मोटारीची जोडणी लाइपझिशला, असा तो प्रवास होता. कोरडे कापड साच्यात ठेवून दाबाने राळ सोडण्याच्या पद्धतीने त्यांनी एका भागाचा वेळ काही मिनिटांवर आणला. २०१३ ते २०२२ या काळात सुमारे अडीच लाख मोटारी निघाल्या आणि मग उत्पादन थांबले. बॅटऱ्या सुधारत गेल्या, तसे वजन वाचवण्यासाठी इतका खर्च करण्याचे कारण उरले नाही. तेव्हा आपल्याकडे दहा-पंधरा लाखांच्या मोटारीचे अंग कार्बन फायबरचे होईल, असे स्वप्न कोणी विकत असेल तर ते घेऊ नये. औद्योगिक दर्जाचा सुटा धागाही किलोमागे पोलादाच्या कितीतरी पट महाग पडतो. वाहन उद्योगात आपल्याला जवळचे आणि खरे काम दिसते ते सीएनजी व हायड्रोजनच्या टाक्यांचे. प्लॅस्टिकच्या अस्तरावर राळेत भिजवलेला कार्बन धागा गुंडाळून होणाऱ्या ‘टाइप ४’ टाक्या पोलादी टाक्यांपेक्षा कितीतरी हलक्या असतात, आणि ३५० किंवा ७०० वातावरणांच्या दाबाचा हायड्रोजन वाहनात साठवायचा तर असा धागा वापरण्यावाचून आज पर्याय नाही.

सुरक्षिततेविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे, कारण जून २०२३ मध्ये ‘टायटन’ ही पाणबुडी फुटून पाच जण मरण पावल्यापासून कार्बन फायबर म्हणजे धोका असे समीकरण अनेकांच्या मनात बसले आहे. विमानाचे धड आतल्या हवेने फुगते, म्हणजे धाग्यांवर ताण येतो. खोल समुद्रात बाहेरचे पाणी नळकांड्याला चिरडू पाहते, म्हणजे धाग्यांवर दाब येतो, आणि दाबाच्या बाबतीत हा पदार्थ मुळातच उणा आहे. एकाचे अपयश दुसऱ्याच्या माथी मारणे बरोबर नाही. उलट २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचे एअरबस ए-३५० तटरक्षक दलाच्या विमानावर आदळून पेटले, तेव्हा त्यातील सर्व ३७९ जण जिवंत बाहेर पडले. नंतर ते विमान जळून खाक झाले, परंतु धडाने माणसे उतरेपर्यंत ज्वाला रोखून धरल्या. या पदार्थाची खरी डोकेदुखी निराळी आहे. अॅल्युमिनियमवर हातोडी पडली तर पोचा दिसतो. कार्बनवर पडली तर वरून काहीच दिसत नाही आणि आत थर सुटलेले असतात. म्हणजे बनवणाऱ्याइतकाच तपासणारा आणि दुरुस्त करणारा कुशल हवा. मिहानमध्येच एअर इंडियासाठी बोइंगने उभारलेला देखभाल तळ आहे, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे.

कच्च्या मालाबाबत आपण अजून परावलंबी आहोत आणि त्याची किंमत आपण एकदा मोजली आहे. तेजस लढाऊ विमानाच्या सांगाड्याचे सुमारे ४५ टक्के वजन कंपोझिटचे आहे आणि त्याचे पंख बंगळुरूच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेच्या परिश्रमांतून साकारले. परंतु १९९८ च्या पोखरण चाचण्यांनंतर निर्बंध आले तेव्हा या प्रकल्पाला बाहेरून मिळणारे साहाय्य आटले. उच्च दर्जाचा कार्बन फायबर क्षेपणास्त्रांतही लागत असल्याने त्याच्या निर्यातीवर आंतरराष्ट्रीय नियंत्रण असते. भारत २०१६ मध्ये क्षेपणास्त्र तंत्रज्ञान नियंत्रण व्यवस्थेत आणि २०१७ मध्ये वासेनार या निर्यात नियंत्रणाच्या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेत दाखल झाला, त्यामुळे वाट सुकर झाली आहे, पण पुरवठादार परकाच आहे. रशियाच्या एमसी-२१ या प्रवासी विमानाचे पंख तयार असतानाच अमेरिकी निर्बंधांमुळे धागा आणि राळ मिळेनाशी झाली व देशी मालावर ते नव्याने उभे करण्यात वर्षे गेली, हे उदाहरण ताजे आहे. रिलायन्सने २०२२ मध्ये हजिरा येथे वर्षाला २०,००० टनांचा कार्बन फायबर प्रकल्प जाहीर केला, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. मात्र विमानाच्या दर्जाचे प्रमाणपत्र मिळण्यास लागणारी चाचण्यांची वर्षे कोणत्याही भांडवलाने कमी होत नाहीत.

आता माणसांविषयी. नागपूरच्या शासकीय आयटीआयमध्ये दासो या फ्रेंच विमान कंपनीच्या सहकार्याने विमानाच्या सांगाड्याच्या फिटरचा अभ्यासक्रम सुरू झाला, हे पाऊल अगदी योग्य होते. त्याच धर्तीवर कंपोझिट तंत्रज्ञाचा निदान एक वर्षाचा स्वतंत्र अभ्यासक्रम नागपूर आणि पुणे येथे सुरू व्हावा. पुण्यात दिघी येथे डीआरडीओची संशोधन व विकास आस्थापना आहे आणि तिच्याकडे कंपोझिटचा अनुभव आहे. शेजारी गोव्यात पिळर्ण येथे किनेकोसारखी कंपनी रेल्वेपासून संरक्षण क्षेत्रापर्यंतचे कंपोझिट भाग बनवते. निवृत्त हात उपलब्ध आहेत, मागितले तर येतील. आज होते ते असे की यंत्रशास्त्राची पदविका घेतलेला मुलगा थेट कामावर घेतला जातो, पहिले सहा महिने तो महाग माल वाया घालवत शिकतो आणि हाताला वळण येते न येते तोच हैदराबाद किंवा बंगळुरूला अधिक पगारावर जातो. मग व्यवस्थापन म्हणते की शिकवून काय उपयोग. ही तक्रार मी एकाहून अधिक कारखान्यांत ऐकली आहे, आणि दोन्ही बाजूंचे म्हणणे आपापल्या जागी खरे आहे. जेव्हा शिकवण्याचा खर्च एकट्या मालकावर पडतो तेव्हा असेच होणार. या अभ्यासक्रमात मुलींना आवर्जून प्रवेश द्यावा, असेही मी सुचवतो. अंथरणीच्या खोलीत जोराचे काम फारसे नसते, चिकाटी आणि नेटकेपणाचे असते, आणि या विभागात मी पाहिलेले सर्वांत स्वच्छ काम करणाऱ्यांत स्त्रियांची संख्या मोठी होती.

अशा अभ्यासक्रमाला ऑटोक्लेव्ह लागतोच असे नाही, हे मुद्दाम लिहितो, कारण खर्चाचे कारण पुढे करून असे प्रस्ताव बाजूला ठेवले जातात. एक शीतपेटी, एक व्हॅक्यूम पंप, तापमान नियंत्रित करता येणारी साधी भट्टी, काही अॅल्युमिनियमचे साचे आणि सुरुवातीच्या सरावासाठी स्वस्त काचतंतूचे कापड एवढ्यावर पहिले सहा महिने निघतात. ध्वनिलहरींनी तपासणी करण्याचे हाताळणीचे उपकरणही एखाद्या संस्थेच्या आवाक्याबाहेरचे नाही. राहिला खऱ्या कार्बन प्रीप्रेगचा प्रश्न, तर मुदत संपल्यामुळे विमानासाठी बाद झालेला माल प्रत्येक कारखान्यात साठतो आणि पैसे मोजून तो नष्ट करावा लागतो. उड्डाणासाठी निरुपयोगी असलेला हा माल शिकाऊ हातांसाठी उत्तम आहे. त्यात अडचण कायद्याची आहे: मिहानसारख्या विशेष आर्थिक क्षेत्रात करमुक्त आलेला माल बाहेर काढला की त्यावर सीमाशुल्काचा प्रश्न उभा राहतो, आणि परदेशी पुरवठादाराशी झालेल्या करारात मालाच्या अंतिम वापराच्या अटी असतात. दोन्ही गोष्टी सोडवता येण्यासारख्या आहेत, पण त्या एकट्या प्राचार्यांनी पत्रव्यवहार करून सुटणाऱ्या नाहीत. महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी, राज्याचे व्यवसाय शिक्षण संचालनालय, सीमाशुल्क विभाग आणि मिहानमधील कारखानदार यांनी एका बैठकीत बसून, प्रशिक्षण संस्थेला द्यायच्या बाद मालापुरती सूट आणि त्या मालाचा हिशेब ठेवण्याची पद्धत ठरवावी. ती शैक्षणिक वर्षाच्या प्रवेशांपूर्वी ठरली तर पहिली तुकडी पुढच्या जून-जुलैतच सुरू करता येईल.

कळावे,

आपला विश्वासू,
एक निवृत्त कंपोझिट तंत्रज्ञ, नागपूर